नवा १/३५ टी-३४ येणार असेल, तर तो कुठल्या कारखान्याचा असावा?

खांदेरी (धागाकर्ता)

मंडळी, शिझुओकाचं हॉबी प्रदर्शन मे महिन्यात असतं. ते जवळ आलं की रणगाड्यांची किट्स जोडणारे सगळेच आपापल्या याद्या काढून बसतात. माझ्या यादीत वर्षानुवर्षं एकच नाव आहे : नव्या साच्यांवरचा, १/३५ मापाचा टी-३४/७६, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला ७६ मिमी तोफेचा सोव्हिएत रणगाडा. टामिया या जपानी कंपनीने २०१९ मध्ये केव्ही-१ हा जड सोव्हिएत रणगाडा पूर्ण नव्याने केला, मग केव्ही-२ केला. तो केव्ही ज्यांनी जोडलाय त्यांना माहीत आहे की भाग मोजके आहेत, पुट्टीचा डबा उघडावा लागत नाही, आणि तयार झाल्यावर रणगाडा जड वाटतो. टी-३४ लाही ही वागणूक मिळावी, एवढंच मागणं आहे. त्यांचा जुना टी-३४/७६ सत्तरच्या दशकातला आहे. पुष्कळांनी त्यावर हात बसवला, त्याचे उपकार आहेतच. पण आज तो शेजारी ठेवला की वय दिसतं.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. नवीन किटची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न येतो भाग किती, दुसरा येतो आत इंजिन आहे का, तिसरा किंमत. टी-३४ च्या बाबतीत याच्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे : कारखाना कुठला आणि महिना कुठला?

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगतो. मिखाईल कोश्किन यांच्या हाताखाली हा रणगाडा खारकिवच्या १८३ नंबरच्या कारखान्यात घडला. मार्च १९४० मध्ये दोन नमुने रस्त्याने खारकिवहून मॉस्कोला नेले, त्या प्रवासानंतर कोश्किन न्यूमोनियाने खंगले आणि २६ सप्टेंबर १९४० ला गेले. पुढचं काम अलेक्सांद्र मोरोझोव यांनी सांभाळलं. १९४१ च्या शरदात खारकिवचा कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडे निझ्नी तागिलला नेला. तोवर स्टॅलिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना आणि गोर्कीचं क्रास्नोये सोर्मोवो हे जहाजबांधणीचं आवार टी-३४ बनवू लागलं होतं. नंतर चेल्याबिन्स्क, स्वेर्दलोव्स्कचं उरलमाश आणि ओम्स्क आले. आराखडा एकच, पण प्रत्येकाकडे यंत्रं वेगळी, माल वेगळा, अडचण वेगळी. गोर्कीला १९४१ च्या अखेरीस डिझेल इंजिनं मिळेनात, तर त्यांनी पेट्रोलवरचं जुनं एम-१७ बसवलं. उरलमाशकडे १० हजार टनांचा प्रेस होता, तर त्यांनी जाड पोलादी पत्रा दाबून अख्खं टरेट (तोफेचा फिरता मनोरा) काढलं. गोर्कीच्या रणगाड्यांवर सैनिकांना धरायला लांब वाकवलेले दांडे असतात, ते दुरूनही ओळखू येतात.

आता किटचे डबे बघा. बऱ्याच डब्यांवर ‘टी-३४/७६, १९४२’ एवढंच लिहिलेलं असतं. आत टरेट एका कारखान्याचं, चाकं दुसऱ्याची, मागची इंधनाची टाकी तिसऱ्या वर्षाची. असा रणगाडा कुणी कधी चालवला नाही. म्हणून माझं ठाम मत : कंपनीने एक कारखाना निवडावा, एक हंगाम निवडावा आणि त्यावर थांबावं. माझी निवड स्टॅलिनग्राड ट्रॅक्टर कारखाना, उन्हाळा १९४२. तुमची सांगा, कारणासकट.

ठाणे_पूर्व

स्टॅलिनग्राडच का, हे जरा उलगडून सांगा ना. ड्रॅगन कंपनीने तो प्रकार पूर्वी केलेला आहे.

खांदेरी

केलाय आणि त्या काळात तो उत्तम होता. पण ती किट्स जोडायची म्हणजे चिकाटी लागते, आणि आता ती शोधूनच मिळवावी लागतात.

स्टॅलिनग्राडच का, तर त्या रणगाड्याच्या अंगावर त्याची परिस्थिती वाचता येते. रबराचा तुटवडा होता, म्हणून चाकांच्या कडेचं रबर गेलं. पोलादी कडेची चाकं आली आणि रबराचा लहानसा गोल आत, आसाभोवती गेला. तोफेच्या पुढच्या कवचाचा आकार या कारखान्याने स्वतःच्या सोयीने बदलला. ते अरुंद आणि छिन्नीच्या टोकासारखं झालं, इतरांचं गोलसर राहिलं. चिलखताचे पत्रे सांध्यावर एकमेकांत खाचा पाडून बसवले. २३ ऑगस्ट १९४२ ला जर्मनांची १६ वी पँझर (रणगाडा) डिव्हिजन शहराच्या उत्तरेला व्होल्गाच्या काठावर पोचली, म्हणजे कारखान्याच्या दारातच आली. त्यानंतरही दुरुस्ती आणि जोडणी चालू होती. १४ ऑक्टोबरला कारखान्यावर मोठा हल्ला झाला आणि तिथलं सगळं संपलं. १९४१ आणि १९४२ मिळून या एका कारखान्याने पावणेचार हजारांच्या आसपास रणगाडे दिले. शेवटच्या उन्हाळ्यातला प्रत्येक फोटो बघण्यासारखा आहे.

शिरोलीकर

रामराम मंडळी. मी कोल्हापूरचा. उभा जन्म शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत गेला, आता मुलगा बघतो. प्लास्टिकच्या रणगाड्यांचा नाद उशिरा लागला पण लई खोल लागला. माझं मत कारखान्यापेक्षा कास्टिंगवर आहे, आणि खांदेरी, तुमचा मुद्दा त्यातूनच पक्का होतोय बघा.

टी-३४ चं ओतीव टरेट म्हणजे सँड कास्टिंग. वाळूचा मोल्ड दोन भागांत असतो. ते दोन भाग जिथं मिळतात तिथं धातू थोडा बाहेर येतो, त्याला आम्ही पार्टिंग लाईन म्हणतो. आमच्याकडं कास्टिंग बाहेर आलं की रायझर (वर राहिलेला जादा धातूचा खांब) कापायचा, ती लाईन ग्राइंडरनं मारायची, ह्याला फेटलिंग म्हणतात. १९४२ साली तिथं कुणाला फेटलिंगला वेळ होता? तोफगोळ्याला लाईनीशी काय देणंघेणं? त्यामुळं ती शिवण तशीच राहिली. रायझर गॅसनं कापल्याचे ओरखडेही तसेच राहिले. चांगल्या फोटोत दोन्ही दिसतात.

आता किटमध्ये गंमत अशी होते की प्लास्टिकच्या साच्यालाही स्वतःची शिवण असते. आपण सगळे पॉलिश पेपर घेऊन ती काढत बसतो. काढायलाच पाहिजे. पण खऱ्या टरेटची शिवण किटवाल्यानं मुद्दाम कोरलेली असेल तर नवीन माणूस दोन्ही घासून टाकतो. म्हणून कंपनीनं सूचनापत्रकात बाण दाखवून लिहावं, ही लाईन ठेवा, ही काढा. एका ओळीचं काम आहे.

दुसरं, खडबडीतपणा सगळीकडं सारखा नसतो. वाळूला लागून थंड झालेली बाजू दाणेदार येते. जिथं मशीनिंग झालंय, म्हणजे टरेट रिंगवर बसणारा भाग, हॅचची बैठक, तिथं पृष्ठभाग गुळगुळीत पाहिजे. बरीच किट्स एकतर सगळं टरेट साबणासारखं गुळगुळीत देतात, नाहीतर हॅचच्या कडेपर्यंत सगळीकडं एकच खरखर. दोन्ही चूक. आणि रोल केलेल्या पत्र्याचं टरेट असेल तर त्याला दाणा असायचा प्रश्नच नाही, तिथं वेल्डिंगचे टाके पाहिजेत. एकाच साच्यात दोन्ही टरेटं देणाऱ्यांनी हा फरक करायलाच पाहिजे.

मी घरी काय करतो ते सांगतो. मिस्टर सरफेसर ५०० हा दाट प्रायमर आखूड केसांच्या जुन्या ब्रशनं ठोकत लावायचा. अर्धवट सुकला की टोकदार काडीनं दोनचार ठिकाणी खड्डे. पूर्ण सुकला की वरच्या सुया बारीक पेपरनं मोडायच्या. मशीनिंगच्या जागी आधीच टेप मारून ठेवायची.

आर्या_डोंबिवली

शिरोलीकर काका, हे वाचून मी माझं अर्धवट टरेट पुन्हा काढून बसले. एक विचारू का? मी फक्त एकच रणगाडा जोडलाय, तोही १/७२. टी-३४ १/३५ मध्ये घेतला तर हाताळता येईल का? आणि १/३५ हे विचित्र माप का, १/३२ किंवा १/४० का नाही?

शिरोलीकर

येईल की, आर्या. उलट १/३५ लाच भाग बोटात धरता येतात. घे बिनधास्त.

खांदेरी

आर्या, मापाची गोष्ट अशी की साठच्या दशकाच्या सुरुवातीला टामियाने मोटारवर चालणारा पँथर काढला. पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत या हिशोबाने त्याची रुंदी ठरली, नंतर मोजलं तर माप १/३५ च्या आसपास निघालं. लोकांना तो आवडला आणि पुढचे रणगाडे त्याच मापात आले.

आकार म्हणशील तर खरा टी-३४ तीन मीटर रुंद, म्हणजे किट साधारण साडेआठ सेंटीमीटर. चाकाचा व्यास ८३० मिमी, म्हणजे तुझ्या हातात येणारं चाक पावणेचोवीस मिमीचं. हाताळायला मुळीच अवघड नाही. आणि एक सोपी युक्ती लक्षात ठेव, कुठलंही किट तपासायला उपयोगी पडते. पुढचा पत्रा ४५ मिमी जाड होता. ३५ ने भागलं की १.३ मिमीच्या जवळ येतं. ड्रायव्हरची झडप उघडी दाखवायची असेल तर तिथल्या पत्र्याची कड किती जाड दिसायला हवी, ते तुला आता कुणाला विचारावं लागणार नाही.

ठाणे_पूर्व

मी थोडा विरोधात बोलतो, रागावू नका.

आपण जी मागणी करतोय ती अशीच वाढत गेली की शेवटी बाराशे भागांचा डबा येतो. आत इंजिन, गिअरबॉक्स, गोळ्यांच्या पेट्या, आणि टरेट चिकटवलं की ते सगळं कायमचं झाकलं जातं. मिनीआर्ट कंपनीचा ११२ नंबर म्हणजे गोर्कीच्या कारखान्याचा, अंतर्भागासकट टी-३४-८५ (८५ मिमी तोफेचा पुढचा प्रकार) मी जोडला आहे. संशोधन अप्रतिम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण नोकरी, प्रवास आणि दोन मुलं सांभाळून तो पूर्ण करताना माझा रंगकामाचा उत्साह संपला होता. माझ्यासाठी नव्या किटची कसोटी अशी : शुक्रवारी रात्री डबा उघडला, तर रविवारी संध्याकाळी प्रायमर मारता आला पाहिजे. कारखाना कुठलाही चालेल.

खांदेरी

रागावण्यासारखं काही नाही, आणि शेवटचं वाक्य सोडलं तर मी तुमच्याच बाजूचा आहे. कारखाना ठरला की भाग कमी होतात. तीन प्रकारची चाकं, चार प्रकारच्या टाक्या, दोन टरेटं एकाच डब्यात कोंबायची गरज उरत नाही. त्या केव्हीने हेच केलं, एक काळ पकडला आणि सोपा ठेवला. झ्वेझ्दा कंपनीने टी-३४/७६ करताना उरलमाशचा निवडला, तेही शहाणपणाचंच. अचूकपणा आणि सोपेपणा एकमेकांचे शत्रू आहेत हे मला पटत नाही.

भोसरी_वेल्डर

शिरोलीकरांनी ओतकाम सांगितलं, आता जोडकामाचं बोलतो. मी वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे.

निझ्नी तागिलला कीवहून येवगेनी पातोन यांची वेल्डिंगची संस्था गेली होती. त्यांनी तिथे चिलखती पत्र्यांसाठी फ्लक्सखाली चालणारं स्वयंचलित वेल्डिंग बसवलं. आज आपण ज्याला सबमर्ज्ड आर्क म्हणतो तेच. त्याचा टाका ओळखायचा कसा, तर सरळ, सलग, रुंदी एकसारखी, वरचे लाटांसारखे वळ जवळजवळ दिसत नाहीत. हाताने घातलेला टाका जाड, वेडावाकडा आणि जागोजागी थांबून पुन्हा सुरू केलेला असतो. निझ्नी तागिलचा रणगाडा करताना लांब सांध्यावर पहिला टाका हवा आणि लहान कंसांवर दुसरा. किटवाले सगळीकडे एकच सुबक दोरी घालतात. मला तरी ती बघवत नाही.

घरी करायचं असेल तर स्प्रू (भाग धरणारी प्लास्टिकची चौकट) ताणून बारीक तार काढा, सांध्यावर ठेवा, त्यावर पातळ सिमेंट फिरवा. मऊ झाली की ब्लेडच्या मागच्या बाजूने दाबत जा. स्वयंचलित टाक्यासाठी दाबू नका, फक्त थोडी चपटी करा.

अजून एक. स्टॅलिनग्राडचे रणगाडे रंग न लावताच कारखान्यातून लढायला गेले, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते आणि मग प्रदर्शनात चंदेरी टी-३४ दिसतात. रंग नसलेला रणगाडा करायचा तर करा, पण चंदेरी करू नका. गरम रोल केलेला आणि नंतर उष्णता देऊन कडक केलेला पत्रा काळपट निळसर, कुठे तपकिरी असतो. त्यावर स्केल, म्हणजे भट्टीतली ऑक्साइडची काळी साल असते. चकाकी फक्त कापलेल्या कडांवर, ग्राइंडर लागलेल्या जागी आणि टाक्याच्या आसपास. ओतीव टरेटचा रंगही रोल पत्र्यापेक्षा वेगळा दिसेल. दोन रात्री पावसात उभा राहिला की पातळ केशरी गंज. असा रणगाडा कुणी मनापासून केला तर मी पुण्याहून बघायला येईन.

शिरोलीकर

अगदी बरोबर. आमच्याकडं यार्डात पडलेलं कास्टिंग बघा, पहिल्या पावसानंतर काय रंग येतो तो. पुस्तकं बघायची गरज नाही.

कृष्णाकाठ

टी-३४-८५ ची बाजू कुणीच घेत नाही म्हणून लिहितोय.

७६ वाल्यात टरेटमध्ये दोनच माणसं. कमांडरनेच नेम धरायचा, त्यानेच गोळी मारायची, त्यानेच आजूबाजूला बघायचं. ८५ मध्ये तीन जण बसले, कमांडर मोकळा झाला. त्यासाठी टरेटची रिंग सुमारे १४२० मिमीवरून १६०० मिमी करावी लागली. म्हणजे ज्यांना वाटतं की ७६ च्या सांगाड्यावर ८५ चं टरेट ठेवलं की झालं, त्यांनी मोजून बघावं. १/३५ मध्ये पाच मिमीचा फरक पडतो, तो लपत नाही. रणगाडा म्हणून पूर्णत्व ८५ मध्ये आहे. सुरुवातीला डी-५टी तोफ, मग झिस-एस-५३. हा संक्रमणाचा काळ, म्हणजे १९४४ चा वसंत, एखाद्या कंपनीने साध्या जोडणीच्या किटमध्ये द्यावा ही माझी इच्छा.

संदर्भ फोटोंबद्दल इशारा देतो. चौथऱ्यावर उभे असलेले किंवा संचलनात धावणारे टी-३४-८५ पाहून युद्धकाळातला रणगाडा रंगवू नका. युद्धानंतर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियात हे पुष्कळ बनले. शिवाय साठच्या दशकातल्या दुरुस्तीत अनेकांना टी-५४/५५ च्या पद्धतीची, ताऱ्यासारख्या फासळ्यांची चाकं लागली. २०१९ च्या जानेवारीत लाओसने ३० टी-३४-८५ रशियाला परत दिले, तेही चेकोस्लोव्हाकियात बनलेले. डौलदार दिसतात, पण १९४४ च्या किटला त्यांचा आधार घेता येत नाही.

खांदेरी

कृष्णाकाठ, हा इशारा फार मोलाचा. चाकं हीच सगळ्यात जास्त बदललेली वस्तू आहे, आणि आपण आधी चाकांवरूनच ओळखायला जातो.

टांपेरेकर

फिनलंडहून नमस्कार. इथून दीड तासाच्या आत पारोलाचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे टी-३४/७६ आणि टी-३४-८५ दोन्ही आहेत. फिनलंडने ते सोव्हिएत सैन्याकडून हस्तगत केले आणि युद्धानंतरही वापरले. फिनिश सैनिक टी-३४ ला ‘सोत्का’ म्हणत, म्हणजे एका जातीचं बदक.

मी तिथे दर उन्हाळ्यात जातो. हाताने शिवता येतं म्हणून सांगतो, किटच्या फोटोत कधी न कळलेली गोष्ट म्हणजे मडगार्डचा पत्रा. चिलखताच्या शेजारी तो कागदासारखा आहे. कोपरे वाकलेले, कंस मोडलेले, एकाही रणगाड्याचा मडगार्ड सरळ नाही. प्लास्टिकमध्ये तेवढा पातळ येणार नाही हे मान्य. पण कंपनीने निदान पुढच्या कडेला तो आतून निमुळता करावा, म्हणजे समोरून बघताना पातळ दिसेल. सगळ्यांना पितळी पीई (कोरीव पातळ पत्र्याचे भाग) परवडत नाही आणि जमतही नाही.

दुसरं, एस्टोनियातल्या कुर्त्ना भागातल्या तळ्यातून २००० साली एक टी-३४ बाहेर काढला होता. जर्मनांनी पकडून वापरलेला, बाजूवर त्यांचे क्रॉस. दलदलीच्या गाळात अर्धशतकाहून जास्त काळ राहूनही रंग आणि खुणा टिकल्या. त्याचे बाहेर काढतानाचे फोटो नक्की बघा. ज्यांना वापरलेल्या टी-३४ चा खरा रंग कसा विरतो ते बघायचंय, त्यांच्यासाठी एवढा प्रामाणिक नमुना क्वचित मिळेल.

आर्या_डोंबिवली

हिरवा रंग नक्की कुठला मग? दुकानदार म्हणाला रशियन ग्रीन घ्या. बाटल्या तीन कंपन्यांच्या आणि हिरवे तीन वेगळे.

टांपेरेकर

सोव्हिएत हिरव्याचं नाव ४बीओ. ठोकळमानाने पिवळसर झाक असलेला, ऑलिव्हकडे झुकणारा हिरवा. कारखान्यांत आणि खेपांमध्ये फरक पडायचाच, म्हणून तिन्हीपैकी एकही बाटली सरसकट चूक नाही. निळसर, गडद बाटली असेल तर थोडा पिवळा-करडा मिसळ. १/३५ च्या वस्तूवर रंग एरवीपेक्षा गडद वाटतो, तेव्हा किंचित उजळच ठेव. वॉश (पातळ गडद रंगाचा हात) आणि धूळ लागली की तो खाली येतो.

ठाणे_पूर्व

आर्या, त्यात आपल्याकडची भर : पावसाळ्यात लॅकर रंग एअरब्रशने मारू नकोस. हवेतली ओल धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. मारायचाच झाला तर कोरड्या दुपारी, पंखा बंद, पातळ थर आणि हळू सुकणारं थिनर.

भोसरी_वेल्डर

ट्रॅकवर कुणी बोललंच नाही अजून! टी-३४ मध्ये निम्मं रूप ट्रॅकचं आहे.

खांदेरी

त्याचीच वाट बघत होतो.

टी-३४ ला वरच्या बाजूला ट्रॅक उचलून धरणारी छोटी चाकं नाहीत. ट्रॅक थेट मोठ्या चाकांच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे दोन चाकांच्या मधे तो झोळ खातो. हा झोळ नसेल तर रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. जुन्या किटमधला लवचिक व्हिनाइलचा पट्टा ताणून बसतो आणि नेमकं हेच बिघडतं. शिवाय जुनं व्हिनाइल कधीकधी पॉलिस्टायरीनच्या चाकांना हळूहळू खातं. कपाटात ठेवलेल्या रणगाड्याची चाकं ट्रॅकला चिकटून वितळलेली मी पाहिली आहेत.

मग उरतात दोन पर्याय. एकेक कडी सुटी : १९४२ च्या ५०० मिमी रुंद ट्रॅकला एका बाजूला ७२ कड्या, एक दातवाली, एक सपाट, आळीपाळीने. किंवा सरळ भाग एकसंध आणि वळणावर सुट्या कड्या. मला दुसरा पर्याय हवा, झोळ साच्यातच घातलेला. ठाणे_पूर्व यांचा रविवारही त्यात बसतो.

पण एक बारकावा सोडायचा नाही. टी-३४ चं मागचं चालक चाक ट्रॅकला बाहेरच्या दात्यांनी ओढत नाही. त्याच्या दोन तबकड्यांच्या मधे रोलर आहेत, ते कडीच्या मधल्या दाताला धरून ओढतात. किटमध्ये ते रोलर आणि दात एकमेकांत नीट बसले पाहिजेत. आणि कड्या जोडणाऱ्या पिना : त्यांचं डोकं आतल्या बाजूला, बाहेर अडकवायला काहीच नाही. चालताना पीन आतल्या बाजूला सरकते, आणि मागे सांगाड्यावर वेल्ड केलेल्या एका तिरक्या पट्टीवर आपटून प्रत्येक फेरीत पुन्हा जागेवर ठोकली जाते. इतकी साधी, इतकी हुशार सोय. ही पट्टी किटमध्ये असते का, हे मी नवीन टी-३४ चं स्प्रू चित्र आलं की सगळ्यात आधी बघतो.

शिरोलीकर

पिनेचं हे माहीत नव्हतं. वा! ज्यानं हे सुचवलं त्यानं ट्रॅक दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात बघितलेले असणार.

कोकणी_तोफ

विषय थोडा बाजूला नेतो. आपण भारतातले जोडणारे. टी-३४ आपल्या सैन्यात कधी नव्हता. आपला सोव्हिएत रणगाडा म्हणजे टी-५४/५५ आणि पीटी-७६, १९७१ च्या युद्धातले. गरीबपूरला नोव्हेंबर १९७१ मध्ये ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ नी पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांशी लढाई केली, त्यात मेजर दलजितसिंग नारग यांना वीरगती आली, मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. त्या रणगाड्याच्या नव्या किटची, भारतीय डिकॅलसकट (चिकटवायच्या खुणांसकट), वाट बघणारा मी एकटाच आहे का?

खांदेरी

एकटे अजिबात नाही. ट्रम्पेटर कंपनीचा पीटी-७६ मी भारतीय खुणा हाताने रंगवून केला आहे. पण त्या विषयाला पूर्ण धागा हवा. तुम्ही काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथे जाऊन खऱ्या रणगाड्यांची मापं, सांधे, ओतकामाच्या खुणा बघता येतात. शिरोलीकर आणि भोसरी_वेल्डर दोघं बरोबर आले तर त्या दिवसाची नोंद इथे टाकूच.

भोसरी_वेल्डर

मी तयार. हिवाळ्यात जाऊ, उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही.

मुळामुठा

इतका वेळ वाचत होते. माझं मत स्टॅलिनग्राडला, पण रणगाडा एकटा नको. २३ ऑगस्टला त्या कारखान्याच्या उत्तरेला पँझरांना अडवणाऱ्या १०७७ व्या विमानविरोधी रेजिमेंटमध्ये बहुतेक तोफांवर तरुण मुली होत्या. विमानांसाठीच्या तोफा आडव्या करून त्या रणगाड्यांशी लढल्या. नव्या किटबरोबर चार पुतळे देणार असतील, तर नेहमीचा हात वर केलेला कमांडर आणि दुर्बीणवाला अधिकारी सोडून कारखान्यातले कामगार द्यावेत, निळ्या डगल्यातले, हातात पाना घेतलेले, आणि त्या मुलींपैकी एकजण तरी. मी गेले कित्येक महिने ग्रीन स्टफ या पुट्टीमधून अशी एक मुलगी घडवतेय. चेहरा जमला आहे, बूट राहिलेत.

आर्या_डोंबिवली

ताई, फोटो टाका ना प्लीज!

खांदेरी

मुळामुठा, हे मी मागणीत सगळ्यात वर घालतो. कंपन्यांच्या ग्राहक विभागांना पाठवायचं पत्र मी या आठवड्यात लिहितो. कारखाना आणि हंगाम डब्यावर छापा, ओतीव शिवण कुठली ठेवायची ते पत्रकात दाखवा, टाके दोन प्रकारचे द्या, मडगार्डची कड निमुळती करा, झोळ असलेला ट्रॅक आणि पिनेची पट्टी विसरू नका. कृष्णाकाठ, ८५ साठी स्वतंत्र परिच्छेद तुम्ही लिहून पाठवा, तुमचा १९४४ चा वसंत माझ्याकडून तेवढ्या ताकदीने उतरणार नाही.

कृष्णाकाठ

उद्या रात्रीपर्यंत देतो. डी-५टी चं पुढचं कवच आणि झिस-एस-५३ चं कवच यांची रेखाटनं सोबत जोडतो, म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही.

शिरोलीकर

पत्रात लिहा, कोल्हापूरचा एक फौंड्रीवाला टरेट फुकट तपासून देईल म्हणून. खरंच देईन. कॅडची चित्रं पाठवली तरी चालतील, पार्टिंग लाईन कुठून जायला पाहिजे ते पेन्सिलनं मारून परत पाठवतो.